दुसरी चूल

कॉलेजात नोकरी लागल्यावर माझ्या पगारातून पहिल्यांदा इन्कमटॅक्स कापला गेला, तेव्हा बरोबरीच्या प्राध्यापिका स्टाफरूममध्ये दिवसभर कुरकुरत होत्या. आमच्या घरानं ह्या टॅक्सपायी जे घालवलं, त्याच्यापुढं माझ्या पगारातला तो तुकडा काहीच नव्हता. घालवलं म्हणजे रुपये म्हणत नाही मी. रुपये आम्ही वाचवले, चांगले वाचवले.

हुबळीत कमरीपेठेत आमचं गोणपाटाचं दुकान होतं. पोती, तरट, सुतळी, दोरखंड. आजोबा मिरजेकडून आले आणि त्यांनी ते घातलं, पुढं अप्पा आणि काकांनी चालवलं. दुकानाच्या मागं घर, घराच्या मागं गोदाम. तागाचा वास आमच्या कपड्यांना, अंथरुणांना, वह्यांनाही यायचा. वर्गातल्या मुली मला ‘पोतं’ म्हणायच्या, आणि मी त्यांच्या वेण्या ओढायची. घरात आम्ही अकरा माणसं : अप्पा, आई, आम्ही तीन भावंडं, काका, काकू, त्यांची तीन मुलं, आणि अक्का.

अक्का ही अप्पांची आणि काकांची थोरली बहीण. त्या दोघांची अक्का, म्हणून आम्हां सगळ्यांचीच अक्का. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला आणि ती एक पत्र्याची पेटी घेऊन माहेरी आली. तेव्हापासून चूल तिच्या ताब्यात होती. कुणाला भाकरी करपलेली आवडते, कुणाच्या आमटीत गूळ कमी, काकांना परीक्षेला जाताना दही कसं लागायचं, हे सगळं तिला ठाऊक. आई आणि काकू तिच्या हाताखाली. त्या दोघींना ते नेहमीच गोड लागत असेल असं नाही, पण बोलायची कुणाची टाप नव्हती. अक्काजवळ दागिना नव्हता, जमीन नव्हती, मूल नव्हतं. ते स्वयंपाकघर आणि ते दोन भाऊ, एवढंच तिचं होतं. ते गेलं तर ती कुणाचीच नव्हती.

मी सहा वर्षांची होते तेव्हा, छप्पन साली, आमचं राज्य बदललं. मुंबई राज्यात होतो ते म्हैसूर राज्यात गेलो. पाट्या बदलल्या, फॉर्म बदलले, कचेरीतली बोलायची भाषा बदलली. आम्हांला कानडी येतच होतं, त्यामुळं जीभ काही अडली नाही. विक्रीकराचे नियम मात्र नव्यानं शिकावे लागले आणि अप्पा म्हणाले, “जाऊ दे, इन्कमटॅक्स तरी दिल्लीचाच आहे. तो तसाच राहील.” तो तसाच राहिला, हेच तर दुखणं.

कायद्यात आम्हां अकरा जणांचं नाव होतं ‘हिंदू अविभक्त कुटुंब’. ऐकायला किती छान. लग्नपत्रिकेवर छापावं असं. त्याचा अर्थ मात्र असा की सरकारच्या लेखी आम्ही सगळे मिळून एक माणूस. कर पायऱ्यांनी चढायचा. जितकं उत्पन्न वर, तितका दर वर. दोन भावांची मिळकत एकत्र धरली की आम्ही थेट वरच्या पायरीवर. पलीकडच्या गल्लीत एक वकील राहायचे, एकटे, ना बायको ना पोर. त्यांनी आमच्याएवढं मिळवलं तर त्यांना कर साधारण आमच्याएवढाच. खाणारं तोंड एक की अकरा, हे कुणी विचारत नव्हतं. आणि धारवाडजवळ केलगेरीच्या बाजूला ज्यांच्या आंब्याच्या बागा होत्या, मोटारी होत्या, त्यांना इन्कमटॅक्स नाहीच, कारण ती शेती! त्यांच्या पेट्या बांधायला आमच्याकडूनच सुतळी जायची. सुतळी विकणाऱ्याला कर, आंबे विकणाऱ्याला माफी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसलंच काहीतरी. बागवाले चोर होते असं नाही, पण आम्ही मात्र नक्की फासावर होतो.

मी मॅट्रिकला होते त्या वर्षी अप्पांनी आणि काकांनी ऑडिटर गाठला. धारवाडहून सायकलवर बसस्टँडपर्यंत आणि तिथून बसनं यायचे ते. कानडी माणूस, मराठी फर्डं बोलायचे, पण वाक्याच्या शेवटी ‘नोड्री’, म्हणजे ‘बघा’, आल्याशिवाय राहायचं नाही. ओसरीवर बसून त्यांनी सगळी वहीखाती चाळली, अक्कानं दिलेला चिवडा संपवला, आणि म्हणाले, “तुम्ही एकत्र आहात, हीच तुमची चूक आहे नोड्री. वाटणी करा.”

अप्पा दचकले. आमच्यात वाटणी हा शब्द शुभ प्रसंगी उच्चारत नसत.

“खरी नव्हे हो, कागदावर,” काका घाईनं म्हणाले. त्यांना आधीच कुणीतरी सांगितलेलं असावं. कमरीपेठेत त्या दिवसांत बऱ्याच घरांत ही कागदावरची वाटणी झाली होती. एका उत्पन्नाची दोन उत्पन्नं होतात, दोघं खालच्या पायरीवर उतरतात, आणि कर निम्म्याच्या आसपास येतो.

“कागद करा, पण वाटणी खरी दिसली पाहिजे,” ऑडिटर म्हणाले. “चौकशी होते. दिसली पाहिजे नोड्री.”

एवढंच ते म्हणाले. हे वाक्य मला शब्दाला शब्द आठवतं, कारण पुढं वीस वर्षं मी ते मनात घोळवत होते.

कागद झाला. कमरीपेठेतलं किरकोळ दुकान काकांना, बाजारात पोती पुरवायचा धंदा आणि गोदाम अप्पांना. घर अर्धं अर्धं. घरी ठेवायची मराठी नक्कल माझ्याकडून काढून घेतली, कारण माझं अक्षर मोत्यासारखं, असं अप्पा चारचौघांत सांगायचे. सगळं लिहून झाल्यावर शेवटी एक कलम होतं : भगिनीचे अन्नवस्त्र उभयतां बंधूंनी सोयीने पाहावे. मी ते मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, शाई वाळवली आणि खेळायला गेले. मला त्यात काही खटकलं नाही. मी पंधरा वर्षांची मूर्ख मुलगी होते.

आता ‘खरी दिसली पाहिजे’ म्हणजे काय करायचं, यावर दोघं भाऊ दोन दिवस बसले. आमच्या लोकांत वाटणी झाली हे कशावरून ओळखतात? दुकानावरून नाही, जमिनीवरून नाही. चुलीवरून. ‘त्यांची चूल वेगळी झाली’ म्हटलं की सगळं आलं. पिढ्यान्‌पिढ्या जे कानावर पडलेलं, तेच दोघांच्या डोक्यात आलं. तिसऱ्या दिवशी गवंडी बोलावला आणि मागच्या पडवीत दुसरी चूल घातली.

अक्का दारात उभी राहून बघत होती. “ही कशाला रे?”

“टॅक्ससाठी, अक्का,” अप्पा म्हणाले. “नुसती दाखवायला. जेवण आपलं एकाच चुलीवर.”

“टॅक्सला चूल लागते होय?” अक्का म्हणाली आणि हसली. मग स्वतःच शेणानं सारवून घेतली ती, कारण सारवल्याशिवाय चूल बघवत नाही म्हणाली.

दाखवायची चूल थंड राहून कशी चालेल? म्हणून रोज सकाळी काकू तिच्यावर चहा करू लागल्या. मग चहाबरोबर पोहे. मग मुलांच्या डब्याच्या पोळ्या. काकूंना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं मीठ घालायला मिळत होतं, त्यांनी ते का सोडावं? मी त्यांना दोष देत नाही. दोन महिन्यांत पडवीत आमटी शिजू लागली आणि माझी आईही आतल्या चुलीपाशी जरा सरसावून बसायला लागली. अक्का दोन्हीकडे करायची. एक हात इकडे, एक तिकडे.

मग इन्कमटॅक्सचा इन्स्पेक्टर आला. दुपारची वेळ होती. तरणा मुलगा, घामाघूम झालेला, हातात वही. दुकान बघितलं, गोदामात शिरून पोत्यांचे गठ्ठे मोजले, आणि अप्पांनी आग्रह केला म्हणून ओसरीवर टेकला. अप्पा, काका दोघंही समोर ताठ. अक्कानं आतून तांब्या-भांडं आणलं, आणि काकूंनी पडवीतून पाठवलेल्या चहाचा कपही तिनंच आणून ठेवला. त्यानं पाणी पिऊन तिच्याकडे मान वर करून बघितलं आणि विचारलं, “इवरु यार मनियवरु?” ह्या कुणाच्या घरच्या?

साधा प्रश्न. पण दोघा भावांचा चेहरा उतरला. अप्पांची म्हणावं, तर ती काकांच्या चुलीवरचा चहा का आणते? काकांची म्हणावं, तर पाणी आतलं. दोघांची म्हणावं, तर मग वाटणी कसली! असा सगळा हिशेब त्यांच्या डोक्यात फिरत होता, तो मला दारामागून दिसत होता. दोघांनी मिठाची गुळणी धरली. कुणीतरी बोलायला हवं होतं. ती तुमच्याहून मोठी, तुम्हांला कडेवर घेऊन फिरलेली, तिचं नाव घ्यायला किती वेळ लागतो?

अक्कानं एकदा अप्पांकडे बघितलं, एकदा काकांकडे. मग पदर खोचत म्हणाली, “ना अडगी माडाकीरी.” मी स्वयंपाकीण आहे, साहेब.

इन्स्पेक्टरनं मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. तो गेल्यावर काका म्हणाले, “अक्का, वाचवलंस बघ!” अप्पांनी तर तिच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं. सगळे हसले, अक्कापण हसली. त्या दिवशी तिनं गव्हाची खीर केली आणि सगळ्यांना वाढून झाल्यावर, आई-काकू उठल्यावर, शेवटी एकटी जेवली. रोज ती त्या दोघींबरोबर बसायची. त्या दिवसापासून ती शेवटी बसू लागली. पुष्कळ दिवस कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

आणि खोटं बोललं की त्याला टेकू लागतो. अप्पांनी घरखर्चाच्या वहीत ‘स्वयंपाकीण, पगार’ अशी ओळ घातली. काकांनीही आपल्या वहीत घातली. चौकशी झालीच तर दाखवायला. दर महिन्याला ती ओळ पडायची. अक्काला त्यातली दिडकीही मिळाली नाही; तिला ते माहीतही नसावं, असं मला तेव्हा वाटायचं.

पुढं बाजार गावाबाहेर अमरगोळला मोठ्या आवारात गेला आणि पोत्यांची मागणी अशी वाढली की अप्पांना गोदाम पुरेना. काकांच्या किरकोळ दुकानात मात्र सुतळीचे दोन बंडल गेले तरी दिवस चांगला. काका एक दिवस अप्पांपाशी येऊन म्हणाले, “अण्णा, वाटणी तर कागदावरची होती. आता परत एकत्र करू या.”

माझ्या वडिलांनी काय उत्तर दिलं ते लिहायला मला लाज वाटते, पण लिहिते. ते म्हणाले, “आता कसं जमेल? आज एकत्र झालो तर ते म्हणतील मागची वाटणी खोटी होती. सगळ्या वर्षांचा कर काढतील, वर दंड.” ही भीती खरी होती की सोयीची होती, हे मला आजही सांगता येणार नाही. बहुतेक दोन्ही. कायदा इतका गुंतागुंतीचा असला की त्याच्या आडोशाला कुणालाही उभं राहता येतं. आपल्या मनातलं पाप त्याच्या तोंडून बोलवून घेता येतं, आणि वर हळहळताही येतं. अप्पा हळहळले. काका ओसरीवर रडले. महिन्याभरात काकांनी केश्वापूरकडे भाड्याचं घर बघितलं आणि पडवीतली चूल फोडून ते निघून गेले.

मग अक्का कुणाकडे? माझ्या मोत्यासारख्या अक्षरातलं कलम बाहेर निघालं. उभयतांनी, सोयीनं. पंधरा दिवस इकडे, पंधरा दिवस तिकडे. पत्र्याची पेटी टांग्यातून जायची, टांग्यातून यायची. इकडे आली की आई म्हणायची, “तिकडं काय काय शिकवून पाठवलंय की!” तिकडे गेली की काकू म्हणत, “धंदा त्यांच्याकडं आणि जेवायला आमच्याकडं.” कमरीपेठेतले लोक विचारायचे, अक्का कुठं आहे म्हणून. दोन्ही घरांतून उत्तर एकच, तिकडं. दोन्ही घरांत ती स्वयंपाक करायची आणि शेवटी जेवायची. त्या एका वाक्यानं तिला जे केलं होतं, तेच ती होऊन गेली.

मला नोकरी लागली आणि केलगेरीच्या तळ्याजवळ दोन खोल्या मिळाल्या, तेव्हा मी तिची पेटी उचलून आणली. कुणी अडवलं नाही. अडवलं असतं तर मला जरा बरं वाटलं असतं. कॉलेजात कराचा फॉर्म भरताना तिच्या औषधाचा खर्च मी दाखवू बघितला, तर हेडक्लार्क म्हणाला, “आई बसते, बहीण बसते. आत्या बसत नाही, मॅडम.” तिला बसायला जागा कुठल्याच कागदात नव्हती. माझी तरी कुठं होती? वाटणीपत्रात मी म्हणजे ‘कन्येच्या विवाहाचा खर्च’. तो खर्च मी त्यांचा वाचवला, लग्नच केलं नाही.

अप्पा गेले, काकाही गेले. पुढं केव्हातरी माझ्या प्रॉव्हिडंट फंडाच्या भानगडीपायी मी त्या ऑडिटरांच्या घरी गेले. धारवाडातच होते, म्हातारे झालेले, कानाला यंत्र. काम झाल्यावर मी इतक्या वर्षांचं पोटातलं बोलून दाखवलं. म्हटलं, “तुम्ही ती दुसरी चूल घालायला लावलीत, तिथून आमचं घर फुटलं.”

“चूल? मी चुलीचं कधी बोललो नोड्री?”

“म्हणालात ना, वाटणी खरी दिसली पाहिजे.”

“म्हणजे वह्या वेगळ्या, बँकेतलं खातं वेगळं, माल वेगळा!” ते म्हणाले. “कायद्याला मालमत्ता वाटलेली लागते. जेवा की एकत्र, कोण नको म्हणतंय? किती घरं जेवत होती. तुमच्याकडं दुसरी चूल बघितली तेव्हा मी समजलो, बायकांचं पटत नसेल. विचारायचं कसं?”

“आणि तो इन्स्पेक्टर?”

“तो गोणपाट मोजायला आला होता, तंगी.”

तंगी म्हणजे धाकटी बहीण. किती मायेनं म्हणाले ते. माझा त्यांच्यावर, अप्पांवर, काकांवर, दिल्लीवर, सगळ्यांवर असा संताप झाला की चहा न पिताच मी उठले. जो कायदा घरातला एकही माणूस वाचू शकत नव्हता, त्याची भीती मात्र सगळ्यांना पाठ होती. न वाचलेल्या कलमासाठी आम्ही एक घर फोडलं. त्या कलमात ते नव्हतंच.

घरी आले तेव्हा अक्का खाली बसून तांदूळ निवडत होती. ऐंशीच्या आसपास असेल तेव्हा ती. नजर कमी झालेली, खडे बोटांनीच ओळखायची. तिला सांगू नये असं मला वाटलं होतं. पण माझ्या पोटात राहिना, सगळं सांगून टाकलं. चूल लागत नव्हती. जेवण एकत्र चालत होतं. तो माणूस पोती मोजायला आला होता.

ती बोटं फिरवत राहिली. एक खडा बाजूला टाकून म्हणाली, “मग मी त्या साहेबाला काय सांगायला पाहिजे होतं गं?”

“खरं ते सांगायचं. ह्यांची बहीण आहे म्हणून.”

“तसं म्हटलं असतं तर टॅक्स वाढला असता?”

“नाही, अक्का. एक पैसासुद्धा नाही.”

“पगार तर लिहीत होते दोघंही वहीत,” ती म्हणाली. म्हणजे तिला ठाऊक होतं. मग ती खिडकीकडे तोंड करून, मान थोडी वर उचलून, कुणीतरी समोर खुर्चीवर बसलंय असं समजून, कानडीत म्हणाली, “ना इवर अक्का री.” मी ह्यांची अक्का आहे, साहेब. एकदाच म्हणाली. आवाज नेहमीसारखाच होता.

तिनं ताट बाजूला सारलं. तांदूळ अर्धे निवडलेले, अर्धे तसेच. मी ते उचलून धुवायला घेतले, कुकर लावला, कालचं वरण गरम केलं. ती उठली नाही, मला काही सुचवायलाही आली नाही. भात झाल्यावर मी नेहमीसारखं माझं ताट घ्यायला गेले, कारण इतकी वर्षं हात जोडून सांगूनही ती माझ्याआधी कधी जेवली नव्हती.

“थांब,” ती म्हणाली. “आज मला आधी वाढ.”